सायनसचा किडा

दसरा उलटला होता आणि खर्ड्याच्या अलीकडे, जामखेड रस्त्याला, सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. बंद पडलेल्या एका पंक्चरच्या दुकानापुढे पत्र्याची शेड टाकली होती. शेडवर भोंगा होता आणि बाहेर मोटारसायकली, टेम्पो, ट्रॅक्टर मिळेल तिथे लावले होते. कुणी गालाला फडकं बांधलेलं, कुणी तोंडात लवंग धरून बसलेलं. ऊसतोडीच्या टोळ्या दोन-तीन आठवड्यांत निघणार होत्या. एकदा फडावर गेलं की दात दुखो नाहीतर पोट, दवाखाना नजरेसही पडत नाही. म्हणून जाण्याआधीच दातातला किडा काढून घ्यावा, असा विचार करून बायाबापड्या पोरांसकट येऊन बसल्या होत्या.

शेडमध्ये धुरीबाबाचा आवाज भोंग्यातून घुमत होता.

"डॉक्टर काय म्हनतो? दात किडला. बराबर! पन मंग किडा कुटं हाय, दावतो का? न्हाई दावत! फोटू काढतो, मशीन फिरवतो, सुई टोचतो. किडा काय दावत न्हाई. आपन दावतो! ऑन द स्पॉट दावतो!"

लोक हसले. बाबाला आणखी जोर चढला.

"खालच्या दाताचा किडा खालीच ऱ्हातो, गरीब बिचारा. वरच्या दाताचा लई बाराचा! त्यो वर चढतो. दातातनं गालात, गालातनं नाकात, नाकातनं कपाळात. इंग्लिशमदी त्याला सायनस म्हनत्यात. सायनस म्हंजी काय, सांगा बरं? साय आनि नस! डोक्यातली साय खानारी नस!"

या वाक्यावर शेडमधला एक माणूस तरी हसायला हवा होता. मिरजगावात औषधांचं दुकान चालवणारी, फार्मसीची पदवी घेतलेली सबिहा तिथे तिसऱ्या रांगेत बसली होती. तीही हसली नाही. ओढणीने तोंड झाकून, आईचा हात हातात धरून ती नीट ऐकत होती. पुढे कित्येक दिवस तिला या एका गोष्टीने घाम फुटायचा, की 'साय आणि नस' ऐकून आपल्याला हसूसुद्धा आलं नव्हतं.

आईचं, मुबारकबीचं, दुखणं जुनं होतं. वरच्या बाजूची एक दाढ. तिचं रूट कॅनाल एकदा झालं, पुन्हा उघडून दुसऱ्यांदा झालं, तरी हिरडीवर फोड यायचा आणि एका नाकपुडीतून घाण वास यायचा. शेवटी नगरजवळ केडगावला डॉ. मोनिका कासार यांच्याकडे ती आईला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर फोटो लावून समजावलं होतं. दाढेच्या मुळाच्या टोकाशी पू साठलाय, त्याच्या लगेच वर गालाच्या हाडात सायनस म्हणजे हवेची पोकळी आहे, मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा. हिरडी उघडायची, मुळाचं सडकं टोक कापायचं, कापलेल्या टोकाकडून ते बंद करायचं.

"मग बरं होईल ना नक्की?" सबिहाने विचारलं होतं.

"बहुतेक होईल. अशा दहा दाढांतल्या आठ-नऊ भरून येतात, एखादी येत नाही. हाड भरायला महिने लागतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा येऊन दाखवावं लागेल. खात्री मी कुणालाच देत नाही."

ऑपरेशन झालं. पडद्याला बारीकसं भोक पडलं, तेही डॉक्टरबाईंनी लपवलं नाही. असं होतं, आपोआप भरतं, काही दिवस नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नका, असं सगळं सांगून पाठवलं. आणि घरी आल्यावर मुबारकबीला सणसणीत शिंक आली. तिने सवयीने तोंड दाबून धरलं. उशीवर रक्ताचा डाग पडला, गाल टम्म सुजला.

शेजारपाजारच्या बायका जमल्या. "वरच्या दाताला हात लावू दिलाच कसा? आता डोळा जाणार!" असं एकीने म्हटलं आणि मुबारकबीने डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघायला सुरुवात केली. सबिहाने केडगावला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अपेक्षित आहे, डोळ्याचा आणि दाढेचा काही संबंध नाही, पण सोमवारी आणून दाखवाच." मुबारकबी ठाम नाही म्हणाली.

"तिनं स्वतःच सांगितलं ना, खात्री नाही? मग कशाला जाऊ? मुंडकं फोडून घ्यायला?"

दुकानाच्या काउंटरमागे उभी राहून सबिहा दिवसभर लोकांना धीर द्यायची. गोळ्या अर्धवट सोडू नका, अंगारा-धुपारा करत बसू नका, डॉक्टरला दाखवा. पण ते रक्त तिच्या आईचं होतं. तिलाही धीर हवा होता, आणि 'बहुतेक' या शब्दात तो सापडत नव्हता. पंधरा दिवस उलटले. गाल बराचसा उतरला तरी मुबारकबी दाढेला हात लावू देईना. मग कुणीतरी धुरीबाबाचं नाव घेतलं आणि सबिहा आईला घेऊन इथे आली.

"चला, आजीबाई, या फुडं!" बाबाने हाक मारली.

मुबारकबी पाटावर बसली. पुढे पाणी भरलेली परात. परातीत मधोमध विटेच्या तुकड्यावर खापर, खापरात लाल निखारे. बाबाने तुपात कालवलेलं चिमूटभर बी त्यावर टाकलं. "रिंगनीचं बी! ह्याचा वास आला की किडा बिळात थांबत न्हाई!" वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं आणि भोकात पपईच्या देठाची नळी खोचली. मुबारकबी वाकली आणि नळीतून धूर तोंडात घेऊ लागली. मडक्यात तडतड आवाज येत होता.

"ऐकू येतंय का? किडं उड्या टाकायला लागल्यात! हिंदू असू द्या, मुसलमान असू द्या, किड्याला जात नसती आनि धुरीला बी नसती!"

मुबारकबी खोकून बेजार झाली तेव्हा त्याने मडकं उचललं. परातीतल्या पाण्यावर तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, आकड्यासारखे वाकलेले किडे तरंगत होते. गरम पाण्यात ते हलतही होते. अख्ख्या शेडने एकदम श्वास आत घेतला. मुबारकबी रडायला लागली. बाबाने एक-एक किडा काडीने उचलून औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि बाटली सबिहाच्या हातात दिली.

"डॉक्टरला दावा जाऊन! आनि ताई, तुमी काय करता?"

"माझं मेडिकल आहे मिरजगावला."

बाबाचे डोळे चमकले. क्षणात माइक तिच्या तोंडापुढे आला, चार-पाच मोबाईल वर झाले. ओढणी केव्हा घसरली ते तिला कळलं नाही.

"मी सबिहा. मी फार्मसी शिकलेय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "मी माझ्या डोळ्यांनी किडे निघताना पाहिलेत."

आणि मुबारकबीचं दुखणं खरंच थांबलं. तोंड त्या दिवशी बधिर होतं. दुसऱ्या दिवशीपासून गाल आणखी उतरू लागला, आठवड्यात ती त्या बाजूने भाकरी चावायला लागली, नाकातला वास गेला. सबिहाने केडगावचा फोन आला तेव्हा उचलला नाही. काय सांगायचं होतं? तिचा व्हिडिओ तोवर कर्जत, जामखेड, आष्टीपर्यंत फिरला होता. दुकानात लोक विचारायचे, "ताई, खरं का हो?" आणि ती म्हणायची, "मी पाहिलंय बाबा." असं म्हणताना तिला बरं वाटायचं. गावातले एरवी औषधाची चिठ्ठी पुढे करून मोबाईलमध्ये बघत उभे राहणारे लोक आता तिच्या तोंडाकडे बघत होते.

बिभीषण आला तेव्हाही तिला तसंच बरं वाटलं. जवळच्या वस्तीवरचा, तिशीचा गडी, दर वर्षी बायको सुरेखाबरोबर ऊसतोडीला जाणारा. खालची दाढ ठणकत होती आणि जबड्याखाली गाठ आली होती.

"ताई, टोळी निगायची हाय. गोळी देता, का धुरीबाबाकडं जाऊ? तुमी बोलला न्हवं का व्हिडिओत."

आधीची सबिहा असती तर म्हणाली असती की गाठ आलीय, गोळीने भागायचं नाही, आजच्या आज दाताच्या डॉक्टरकडे जा. ते वाक्य तिला पाठ होतं. पण तेच वाक्य आता आपल्याच व्हिडिओच्या विरोधात जाईल, हे तिला जाणवलं.

"जाऊन तर बघा," ती म्हणाली.

टोळी गेली त्या ट्रकमध्ये बिभीषण नव्हता. सुरेखा दुकानात आली ती धापा टाकत, पायात वेगवेगळ्या चपला.

"ताई, ह्यास्नी नगरला सरकारी दवाखान्यात ठिवलंय. गळा सुजून ह्यो एवढा झाला. तोंड उघडंना, थुकी गिळंना, रातभर बसून श्वास घेतला. डॉक्टर म्हनलं, आनखी उशीर केला असता तर माणूस हाती लागला नसता."

सबिहाने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"किडं तर निगालं हुतं की वो ताई, दुखायचं बी थांबलं हुतं," सुरेखा म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं न कळणं होतं. "मी सोता मोजलं. मंग असं कसं झालं? येकांदा आत ऱ्हायला असल का? तुमची वळख हाय बाबाशी. त्यास्नी दवाखान्यात आनता का? डॉक्टर मला आयकत न्हाईत, तुमचं आयकतील. तुमी शिकलेल्या."

बाबाला आणा, तुम्ही शिकलेल्या. ही दोन वाक्यं एकाच तोंडातून, एकाच विश्वासाने आलेली होती. सबिहाला दुकानातल्या एकाही बाटलीकडे बघवेना. तिने शटर ओढलं आणि सुरेखाबरोबर नगरची एसटी धरली.

बिभीषण उशाला तीन उशा लावून बसला होता. गळ्याला चीर देऊन पू काढला होता, नळी बाहेर आली होती. बोलता येत नव्हतं. सबिहाला बघून त्याने हात जोडले आणि पाय आखडून घेतले, ताईंना कॉटवर बसायला जागा व्हावी म्हणून. ती बसली नाही. तिला बसताच येईना. वॉर्डातल्या डॉक्टरने विचारलं, "तुम्ही कोण? नातेवाईक?" तर ती म्हणाली, "नाही. मेडिकलवाली." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. व्हिडिओ त्यानेही पाहिला असावा. तो फाईल उघडून औषधं लिहू लागला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

तिथून निघाल्यावर ती घरी गेली आणि आईला म्हणाली, "उद्या केडगाव."

"मला काही दुखत नाही आता," मुबारकबी म्हणाली.

"बिभीषणचंही किडे निघाल्यावर दुखायचं थांबलं होतं, अम्मी."

सकाळी मुबारकबी आपणहून तयार होऊन बसली.

डॉ. मोनिकांनी एवढे दिवस का आला नाहीत, हे विचारलं नाही. नाकातून पाणी येतं का, वाकल्यावर जड वाटतं का, तेवढंच विचारलं. हिरडी बघितली, एक्स-रे काढला आणि जुना फोटो शेजारी लावला. मुळाच्या टोकाशी जिथे काळा डाग होता, तिथे कडेने पांढुरकं जाळं धरायला लागलं होतं.

"हाड धरतंय. टाके विरघळलेत, पडद्याचा त्रास काही दिसत नाही. ऑपरेशन आपल्या वाटेनं चाललंय. उत्तम."

"म्हणजे हे ऑपरेशननं?" मुबारकबीने विचारलं.

"दुसरं काय केलंत?"

सबिहाने पर्समधून बाटली काढली. ती टेबलावर ठेवली. जे झालं ते तिने सगळं सांगितलं. व्हिडिओ, माइक, बिभीषण. सांगताना ती डॉक्टरबाईंकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होती.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "व्हिडिओ मी पाहिला होता," त्या म्हणाल्या. "फोन तेव्हाच केला होता मी." मग उठल्या. ज्या मायक्रोस्कोपखाली मुबारकबीच्या दाढेचं मूळ कापलं होतं, त्याखाली त्यांनी काचेवर एक किडा ठेवला. बाजूच्या स्क्रीनवर तो बोटाएवढा झाला.

"बघा. तोंड दिसतंय? पाय? अंगावर वळ्या?"

काहीच नव्हतं. एक गुळगुळीत, वाकडी, पांढरी दांडी होती. डॉक्टरबाईंनी सुईने तिचं एक टोक हळूच उकललं. टोक दोन भागांत उघडलं. चिकटलेल्या दोन चिमुकल्या पाकळ्यांसारखं.

सबिहाच्या तोंडून शब्द निघाले तेव्हा तिचा चेहरा कानापर्यंत तापला होता. "बीजपत्रं. ही बीजपत्रं आहेत. हा बीमधला कोंब आहे."

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तिने हेच काचेवर ठेवून त्याची आकृती काढली होती. वनौषधींच्या पेपरात रिंगणीवर उत्तर लिहिलं होतं. वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं काटेरी झुडूप, पिवळी फळं, चपटं बी, बीमध्ये वाकडा कोंब. चांगले मार्कही मिळाले होते.

"पण बी तर तो सगळ्यांसमोर टाकत होता," मुबारकबी म्हणाली.

"हो ना," सबिहा म्हणाली. "बी टाकताना सगळ्यांनी पाहिलं. किडे निघताना सगळ्यांनी पाहिलं. बी गेलं कुठं, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा."

घरी आल्यावर तिने ओढ्याच्या कडेची रिंगणी शोधली. काटे टोचून घेत पिवळी फळं तोडली, बी धुऊन वाळवलं. मग परसात परात, खापर, निखारे, भोकाचं मडकं असं सगळं मांडलं. पाटावर कुणालाच बसवलं नाही. तुपात कालवलेलं बी टाकलं, मडकं पालथं घातलं आणि बाजूला उभी राहिली. बी तापून तडतडू लागलं. फुटलेल्या बीमधले कोंब उडून भोवतीच्या पाण्यात पडत होते. मडकं उचललं तर परातीत किडे तरंगत होते. गरम पाणी भिनून ते फुगले, थोडे उलगडले, हलले. परसात दात असलेलं कुणी नळीजवळ गेलंही नव्हतं.

तिने तीनदा करून बघितलं. तिसऱ्या वेळी ती तिथेच मातीत बसली. एवढं सोपं होतं? फसवणूक अवघड असती, काही मोठी हातचलाखी असती, तर फसल्याचं इतकं वाटलं नसतं.

पुढच्या गुरुवारी ती शेडवर गेली. मुबारकबी बरोबर निघाली. "किडे माझ्या तोंडातले म्हणून दाखवलेत," ती म्हणाली. "मी नको?"

बाबाने तिला लांबूनच ओळखलं. "आल्या बघा आमच्या मेडिकलवाल्या ताई! या, या! सांगा पब्लिकला, आजीबाई कशा हायेत?"

त्याने आपल्या हाताने माइक दिला. समोर तशीच माणसं होती, गालाला फडकी बांधलेली. मागच्या खेपेला आपण अशाच बसलो होतो.

"आई बरी आहे," ती म्हणाली. "पण आज मी हिला आणलंय." तिने पिशवीतून एक वीट काढली आणि पाटावर ठेवली. "हिची दाढ दुखतेय. बाबा, हिला धुरी द्या."

लोक हसले. बाबाही हसला, पण डोळे हसले नाहीत. "ताई, इटंला दात न्हाईत."

"म्हणूनच. दात नसताना किडे निघाले तर ते कुठले?"

"इटंला सरदा न्हाई! सरदा न्हाई तितं धुरी चालत न्हाई!"

"मग माझी श्रद्धा धरा." असं म्हणून तिने स्वतःजवळचं बी बाबाच्याच निखाऱ्यावर टाकलं, मडकं पालथं घातलं आणि नळीचं तोंड विटेकडे वळवलं. बाबाचा माणूस पुढे धावला, पण मधे मुबारकबी उभी होती, काठी टेकून. म्हाताऱ्या बाईला हात लावायची त्याची छाती झाली नाही. मडकं तडतडलं. सबिहाने ते उचललं आणि परात तशीच तिरपी करून पुढच्या रांगेला दाखवली.

विटेचे किडे पाण्यावर तरंगत होते.

पुढची रांग उठून परातीत वाकली. तसा बाबा ओरडला, "डॉक्टर लोकांनी पाठवली हिला! पैशे खाल्लं!"

"कुणी पाठवलेलं नाही," सबिहा म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता, पण मोठाही नव्हता. "ह्याच माइकवर मी खोटं बोलले होते. मुद्दाम नाही, पण खोटंच. जे पाहिलं ते किडे नव्हते, रिंगणीच्या बीमधले कोंब होते. मला ओळखू यायला हवे होते, मी ते शिकलेय. माझ्या शब्दावर मिरजगावजवळच्या वस्तीवरचा बिभीषण इथे आला. आज तो गळ्यात नळी घालून नगरला पडलाय. त्याच्या दाढेत किडा नव्हता, पू होता, आणि तो धुरीनं निघत नाही."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. ती रागावलेली होती. "मंग माजी दाढ दुखायची थांबली ती कशी गं?"

प्रश्न चांगला होता. सबिहाने तो टाळला नाही. "मावशी, तिखट गरम धुरानं तोंड घडीभर बधिर होतं. आणि कधी कधी आतली नस सडून मरते, तेव्हा दुखणं थांबतं. सडणं थांबत नाही. माझ्या आईचं थांबलं, ते आधी झालेल्या ऑपरेशननं थांबलं. ते भरून यायला जे दिवस लागतात, नेमके त्याच दिवसांत आम्ही इथे आलो. काम डॉक्टरचं आणि नाव ह्याचं."

म्हातारी खाली बसली. पटलं असं नाही, पण गालावरचा हात मात्र तिने काढला आणि जीभ फिरवून दाढ चाचपली. मागून कुणीतरी ओरडलं, "चला वो, नुसता टाइमपास हाय!" ते बाबाला होतं की सबिहाला, कळलं नाही. काही माणसं उठून गेली, काही तशीच बसून राहिली, आणि बाबाने भोंगा बंद करून "आज मुहूर्त चुकला" म्हणत परात आवरली.

सबिहाने जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. चौकशीला माणूस गेला तोवर शेड मोकळी होती. बाबाचं खरं नाव रविराज आणि तो आधी टेम्पो चालवायचा, एवढंच कळलं. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात कुठेतरी धुरी देतो म्हणतात. विटेचा व्हिडिओ निघाला, पण पहिला जितका फिरला त्याच्या निम्माही तो फिरला नाही. पहिला अजून अधूनमधून कुणाच्या तरी फोनमध्ये तिला दिसतो. ओढणी घसरलेली, कापऱ्या आवाजात पण ठाम बोलणारी एक शिकलेली बाई. तो पुसायची सोय नाही.

बिभीषणला घरी सोडलं तेव्हा हंगाम निम्मा सरत आला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. त्याचा कोयता त्या वर्षी मोडला, सुरेखा गावातच रोजंदारीवर खुरपायला जात होती. एक दिवस तो दुकानात आला. गळ्यावर बोटभर व्रण, आवाज घोगरा. मलम हवं होतं.

सबिहाने मलम पुढे केलं आणि मनात घोळवलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं. "बिभीषण, माझ्यामुळं झालं हे."

तो दुसरीकडे बघू लागला. "तुमी तरी काय करनार ताई. तुमी डोळ्यानं बगितलं."

"बघितलं. काय बघितलं ते विचारलं नाही."

तो मलमाची नळी हातात फिरवत राहिला. मग तिने विचारलं, "शाळेत पोरांना विटेचा प्रयोग दाखवायला बोलावलंय मला. याल का? तुम्ही नुसतं उभं राहिलात आणि चार शब्द बोललात, तर माझ्या शंभर शब्दांपेक्षा पटेल."

"न्हाई जमनार," तो पटकन म्हणाला. मग हळू आवाजात, "लाज वाटती वो. बारक्या पोरास्नी काय सांगू, गड्यानं धूर वढून किडं मोजलं म्हनून?"

सबिहाने मान हलवली. हीच लाज तिला शेडवर जायच्या आदल्या दिवसापर्यंत घरात डांबून ठेवत होती.

पण त्या दिवसानंतर एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. दुकानात गर्दी नसताना लोक येतात. आधी डोकेदुखीची गोळी मागतात. मग इकडेतिकडे बघून खिशातून, पदराच्या गाठीतून, पर्सच्या तळातून एक छोटी बाटली काढतात आणि काउंटरवर ठेवतात. कॉलेजात शिकवणारा माणूस आला, बँकेतली बाई आली, खुद्द एका गावचे सरपंच आले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, "ताई, कुणाला सांगू नका."

सबिहा बाटली घेते, भिंग देते, कोंबाची दोन पानं दाखवते आणि कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते सांगते. बरं होईल का, असं विचारलं तर "बहुतेक" म्हणते. खात्री देत नाही. आणि जाताना प्रत्येकाला एवढं मात्र सांगते, की शेकडो माणसांनी किडे नेले, घरी जाऊन दात पुन्हा दुखला, आणि एकानेही परत येऊन लोकांत तसं म्हटलं नाही. धुरीबाबाचं दुकान बीवर आणि निखाऱ्यावर चालत नव्हतं. ते आपल्या या गप्प बसण्यावर चालत होतं. फसण्यात लाज नाही, कुणीही फसतं. डोळ्यांनी पाहिलेल्यालासुद्धा 'हे काय आहे, कुठून आलं, दात नसतानाही येईल का' असे साधे प्रश्न विचारा. आणि फसलात तर मोठ्यानं सांगा.

शाळेतल्या प्रयोगाच्या दिवशी मुलं रांगेने मैदानात बसली होती. सबिहाने वीट ठेवली, बी टाकलं, मडकं पालथं घातलं. ते तडतडत असताना तिने मान वर केली. फाटकाशी सुरेखा उभी होती आणि तिच्या मागे, गळ्याला मफलर गुंडाळलेला बिभीषण. तो आत यायचा का नाही ते ठरवत होता.

मग त्याने मफलर सोडून सुरेखाच्या हातात दिला आणि मुलांपुढे येऊन उभा राहिला.